टपाल थांबले कोठे?

व्यापारात मालाच्या आधी बातमी पोहोचावी लागते. ज्यास भाव आधी कळला त्याचा माल आधी उठला, हे आपल्या बेगम बाजारातील लहान मुलासही सांगावे लागत नाही. मुसी नदीच्या उत्तर तीरावरील, अफजलगंज व उस्मानगंज यांच्या शेजारच्या या अरुंद गल्ल्यांतून धान्य, मसाले, गूळ व सुकामेवा यांची घाऊक उलाढाल पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. आणि पोत्यांच्याही आधी या गल्ल्यांतून कागद हिंडत आला आहे. कधी ते पोस्टकार्ड असे, कधी तार, कधी हुंडी, तर कधी बिल्टी. आज त्या कागदाची जागा ई-मेलने घेतली आहे. कागद बदलला, परंतु तो वेळेवर मिळाला पाहिजे ही गरज रतिभरही बदललेली नाही.

प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा व्यापारी आहे. संगणकशास्त्रावर लिहिण्याचा त्यास अधिकार नाही, याची त्यास पूर्ण जाणीव आहे. तथापि आपल्या पेढीवरील ई-मेलचे यंत्र मंदावल्यामुळे जे नुकसान झाले, जो अन्याय हातून घडला आणि त्यातून जे शिकावयास मिळाले, ते सभासद बंधूंपुढे ठेवणे हे आपले कर्तव्य आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. एखाद्या बंधूचा पैसा किंवा एखाद्या निरपराध नोकराचा मान यामुळे वाचला, तर लेखकाचे श्रम सार्थकी लागले असे तो समजेल.

शिक्के वाचण्याची रीत

आमच्या दप्तरात आजोबांच्या वेळची काही पत्रे लाल फडक्यात बांधून ठेवलेली आहेत. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे टपालखाते होते व संस्थानाची स्वतःची तिकिटे होती. ती व्यवस्था १९५० साली भारतीय टपालखात्यात विलीन झाली. त्या जुन्या पत्रांवर जेथे पत्र टाकले त्या कचेरीचा शिक्का आहे आणि जेथे ते पोहोचले त्या कचेरीचाही आहे. पत्र उशिरा आले की आजोबा मजकुराआधी शिक्के वाचीत. दोन शिक्क्यांवरील तारखांवरून विलंब वाटेत झाला की आपल्या गावात, हे त्यांस तत्काळ कळे. "टपालवाल्यावर रागावण्यापूर्वी शिक्के वाचावे," असे ते म्हणत, असे वडील आम्हांस सांगत. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले होते. पण ऐन प्रसंगी ते मला आठवले नाही.

पुढे ट्रंक कॉलचा काळ आला. लातूर, जालना, गुलबर्गा येथील भाव मिळविण्यासाठी टेलिफोनपाशी तासन् तास बसावे लागे. तातडीच्या सौद्यासाठी तार होतीच. ती सेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यात देशभर बंद झाली. ई-मेलचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पत्र पाठविण्याची व पत्त्यात '@' हे चिन्ह घालण्याची युक्ती १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी केली. पत्रांची देवघेव कोणत्या नियमांनी व्हावी, हे १९८२ साली ठरले. थोड्याफार सुधारणांसह तेच नियम आजही चालू आहेत. आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आमच्या पेढीने २०१३ साली स्वतःचा ई-मेल-सर्व्हर घेतला. पेढीच्या माळ्यावरील कोठडीत एक संगणक बसविला. बाहेरून येणारी सर्व पत्रे प्रथम त्याच्याकडे येत, तो ती तपासून ज्याच्या त्याच्या पेटीत टाकी आणि खालच्या मजल्यावरील, वरच्या मजल्यावरील व दोन गोदामांतील मिळून अठरा संगणकांवर ती वाचली जात. थोडक्यात, ते आमचे खाजगी टपालघरच होते.

प्रसंग

२०२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. बेसनासाठी हरभरा डाळीस मोठी मागणी होती आणि भाव दर दोन तासांनी हलत होता. लातूरकडील एका डाळ मिलने आम्हांस २५० क्विंटल डाळीचा भाव ई-मेलने कळविला व 'दुपारी एकपर्यंत होकार द्यावा' असे त्यात लिहिले. आमच्या ग्राहकास आम्ही मालाचा शब्द आदल्या दिवशीच दिलेला होता. मी सकाळपासून त्या पत्राची वाट पाहत होतो. पत्रव्यवहार पाहणारा मुलगा विचारले की "अजून आले नाही, शेठजी" एवढेच सांगे. अखेर दुपारी अडीच वाजून गेल्यावर पत्र दिसले. मिलला फोन केला तेव्हा माल दुसरीकडे गेला होता. शब्द पाळण्यासाठी आम्हांस बाजारातून क्विंटलमागे १८० रुपये अधिक देऊन डाळ घ्यावी लागली. ४५,००० रुपयांचा फटका बसला.

मिलच्या मुनीमांनी पत्र सकाळी सव्वाअकरापूर्वीच पाठविल्याचे सांगितले. झाले! माझा संताप अनावर झाला. चार गिऱ्हाइके, दोन दलाल व हमाल यांच्यादेखत मी त्या मुलास नको ते बोललो. दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालून बसतोस, पत्र उघडावयाचे भान तुला राहिले नाही, असे म्हणालो. एवढेच नव्हे तर भाव कोणास आधी कळविलास की काय, असाही संशय घेतला. मुलगा हळूच म्हणाला, "शेठजी, मी पत्र दाबून ठेवले नाही. सकाळी रोजच असे होते. मी दोनदा सांगितले होते." त्याने सांगितले होते हे खरे होते. मी ऐकले नव्हते, हेही खरे होते. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

पुतण्याचे मत पडले की यंत्र जुने झाले आहे, नवे घ्यावे. यंत्र विकणाऱ्याने १,६०,००० रुपयांचे दरपत्रक त्याच दिवशी पाठविले. मीही जवळजवळ होकार दिला होता. तेवढ्यात शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ सहज पेढीवर आले. टेलिफोन खात्यातून अभियंता म्हणून ते निवृत्त झाले आहेत. त्यांची मातृभाषा तेलुगू, परंतु आमचे बोलणे आपल्या गावच्या दखनीतच चालते. सर्व ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "शेठजी, लातूरहून शंभर पोती निघाली आणि गोदामात अठ्ठ्याण्णव भरली, तर आपण काय करता? नवे गोदाम बांधता, की प्रत्येक काट्यावरची पावती पाहता?"

मी म्हणालो, "पावत्या पाहतो."

"मग पत्राच्या पावत्या पाहिल्यात का?"

पत्रावरचे शिक्के

तोवर मला ठाऊक नव्हते की प्रत्येक ई-मेलच्या मागे त्याच्या प्रवासाची सगळी हकिगत लिहिलेली असते. तिला हेडर म्हणतात. एरवी ती आपणांस दिसत नाही. परंतु पत्र उघडून 'मूळ पत्र दाखवा' अशा अर्थाचे बटन दाबले की समोर येते. वाटेतील प्रत्येक सर्व्हर पत्र हाती आल्याबरोबर आपले नाव व वेळ त्यावर लिहितो आणि नवी ओळ जुन्या ओळींच्या वर चढवितो. म्हणून ही हकिगत खालून वर वाचावयाची असते.

अभियंत्यांनी मिलच्या पत्राच्या या ओळी कागदावर उतरवून घेतल्या. मिलच्या सेवादार कंपनीच्या ओळीत वेळ ५ वाजून ४२ मिनिटे अशी होती. मी गोंधळलो, तेव्हा त्यांनी सांगितले की ही जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवावे. म्हणजे ११ वाजून १२ मिनिटे झाली. पुढची ओळ आमच्याच सर्व्हरची होती आणि तीतही ११ वाजून १२ मिनिटेच होती. म्हणजे लातूरहून निघालेले पत्र एका मिनिटाच्या आत बेगम बाजारात, आमच्या माळ्यावर येऊन पोहोचले होते! त्यानंतरची ओळ आमच्या सर्व्हरमधील तपासनीस प्रोग्रामाने, म्हणजे अँटीव्हायरसने, पत्र तपासून परत दिल्याची होती. तीत वेळ होती २ वाजून ३६ मिनिटे.

तीन तास चोवीस मिनिटे पत्र माझ्याच डोक्यावरच्या माळ्यावर पडून होते. त्या अवधीत ते मुलाच्या पेटीत आलेच नव्हते. मग तो उघडणार काय आणि दाबणार काय? कागदावरील त्या दोन वेळा पाहून माझी मान खाली गेली.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शिक्क्यावरून निदान करावयाचे तर दोन्ही ठिकाणची घड्याळे बरोबर हवीत. सर्व्हरचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळवून घेण्याची सोय असते. ती चालू आहे याची प्रथम खात्री करावी. खोट्या काट्यावरील वजनास आपण वजन मानीत नाही, तसेच हे आहे.

'हळू' म्हणजे नेमके काय?

यानंतर अभियंत्यांनी पाच दिवस एक वही ठेवावयास सांगितले. कोणत्या संगणकावर, किती वाजता, कोणते काम हळू झाले, एवढेच तीत लिहावयाचे. ते म्हणाले की 'ई-मेल हळू चालते' या एका तक्रारीत तीन निरनिराळी दुखणी दडलेली असतात. पाठविलेले पत्र बाहेर जाण्यास वेळ लागतो, हे एक. आलेले पत्र उघडण्यास वेळ लागतो, हे दुसरे. आणि पत्र पेटीत येण्यासच वेळ लागतो, हे तिसरे. तिघांची कारणे भिन्न व औषधेही भिन्न.

वहीवरून दोन गोष्टी दिसल्या. अडचण एकाच संगणकाची नव्हती, अठराही ठिकाणी होती. म्हणजे एखादा संगणक वा एखादी केबल दोषी नव्हती. शिवाय ती सकाळी दहापासून दुपारी दोन-अडीचपर्यंतच असे. तीननंतर सर्व सुरळीत चाले. वास्तविक आमच्या पेढीवर सर्वांत अधिक पत्रव्यवहार सायंकाळी होतो. यंत्राची ताकद कमी असती, तर त्याला सायंकाळी धाप लागावयास हवी होती. 'यंत्र जुने झाले' ही समजूत येथेच डळमळली.

मग वाटेची परीक्षा झाली. एका संगणकावरून दुसऱ्यास 'आहेस का?' असे विचारून उत्तर किती वेळात येते हे मोजण्याची एक साधी आज्ञा प्रत्येक संगणकात असते. तिला पिंग म्हणतात. सकाळी साडेदहा वाजता, ऐन अडचणीच्या वेळी, खालच्या मजल्यावरून माळ्यावरील सर्व्हरला पिंग केले. उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत आले व एकही हाक वाया गेली नाही. बाहेरच्या इंटरनेटचीही तशीच परीक्षा केली. तीही ठीक होती. तात्पर्य, रस्ता मोकळा होता. कोंडी गोदामाच्या आत होती.

गोदामाच्या आत

सर्व्हरच्या आत चार गोष्टी पाहावयाच्या असतात असे अभियंत्यांनी सांगितले व प्रत्येक मला समजेल अशा भाषेत समजावून दिली. प्रोसेसर म्हणजे हमाल, जो प्रत्यक्ष काम करतो. मेमरी म्हणजे दाराजवळची मोकळी जागा, जेथे चालू माल उतरवून निवडता येतो. डिस्क म्हणजे आतील गोदाम. आणि रांग म्हणजे दारात थांबलेल्या गाड्या.

त्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता आमच्या सर्व्हरच्या दारात ६१२ पत्रांची रांग होती. परंतु हमाल मात्र बहुतेक वेळ रिकामा बसला होता! तो डिस्ककडून माल येण्याची वाट पाहत होता. दाराजवळची जागा, म्हणजे ४ जीबी मेमरी, पूर्ण भरली होती. मेमरी संपली की यंत्र चालू कामाचा काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. मेमरीच्या मानाने डिस्क फार हळू असते, त्यामुळे या ने-आणीतच सारा वेळ जातो. डिस्क ९४ टक्के भरली होती. नऊ वर्षांत कोणी एकही पत्र काढून टाकले नव्हते. मालाच्या नमुन्यांचे फोटो, बिलांच्या प्रती, तोच भावतक्ता अठरा पेट्यांत अठरा वेळा, असे सारे साचले होते. फोटोंविषयी एक गोष्ट तर मला नवीनच होती. पत्रास जोडलेली वस्तू अक्षरांच्या रूपात बदलून पाठवावी लागते व त्यामुळे तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मोबाईलने काढलेला १२ एमबीचा फोटो वाटेत १६ एमबीचा होतो. प्रत्येक पत्र अँटीव्हायरसने तपासावयाचे, आणि त्या तपासनीसास स्वतःच्या बसण्यासाठीच एक जीबीहून अधिक मेमरी लागे.

एवढ्यावरही सकाळचे कोडे उलगडत नव्हते. डिस्क सायंकाळीही तेवढीच भरलेली असे. मग अडचण सकाळीच का? अभियंत्यांनी त्या वेळी डिस्क कोण वापरीत आहे हे पाहिले. तीन कामे एकाच वेळी चालू होती. साऱ्या पत्रांची प्रत काढून ठेवण्याचे काम, म्हणजे बॅकअप, हे एक. संपूर्ण डिस्कची व्हायरस-तपासणी हे दुसरे. बिघडलेल्या पत्रसूची नव्याने बांधण्याचे तिसरे. यांपैकी पहिल्या दोन कामांची नेमलेली वेळ रात्री दोनची होती.

"रात्री दोनचे काम सकाळी दहाला का चालले आहे?" असे स्वतःशीच म्हणत त्यांनी यंत्राची रोजनिशी उघडली. तीत स्पष्ट लिहिले होते की यंत्र रोज रात्री नऊच्या सुमारास एकाएकी बंद पडते आणि रोज सकाळी दहाला पुन्हा सुरू होते. रात्री राहून गेलेली कामे यंत्र सुरू होताच उरकून घ्यावी, अशी तजवीज त्यात मुळातच होती. त्यातच रात्रभर जी पत्रे आमच्याकडे यावयाची ती पाठविणाऱ्यांच्या सर्व्हरपाशी थांबत. पत्र घेणारे यंत्र बंद असेल तर पाठविणारा सर्व्हर ते पत्र टाकून देत नाही. थांबून थांबून पुन्हा पाठवितो व असे काही दिवस करीत राहतो. त्यामुळे सकाळी दार उघडताच रात्रभराच्या गाड्या एकदम येऊन उभ्या राहत.

अभियंत्यांनी चष्मा वर केला व विचारले, "रात्री नऊला हे यंत्र कोण बंद करतो?"

पेढीवर सर्वजण गप्प झाले. कोणी कोणाकडे पाहीना. कारण उत्तर सर्वांस ठाऊक होते. पेढी बंद करताना विजेचा मुख्य खटका गेली चाळीस वर्षे मी स्वतःच्या हाताने खाली ओढीत आलो आहे.

खटक्याची कथा

माझ्या लहानपणी शेजारच्या गल्लीत बारदानाच्या एका गोदामास रात्री आग लागली होती. विजेच्या तारेतून ठिणगी पडली असे सांगत. ती आग मी वडिलांच्या खांद्यावरून पाहिली. त्या दिवसापासून वडिलांनी नेम केला की शेवटचा माणूस बाहेर पडताना मुख्य खटका बंद झालाच पाहिजे. तो नेम त्यांच्यामागे मी पाळला. ज्वारी, डाळ व तागाच्या गोण्या यांनी भरलेल्या जागेत तो नेम चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही. मात्र २०१३ साली माळ्यावर जे यंत्र आले, त्यास रात्रीही जागे राहावे लागते, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. बसविणाऱ्याने रात्री दोनची वेळ नेमली व निघून गेला. मी रात्री नऊला खटका ओढून घरी गेलो. सर्व्हरला जोडलेली बॅटरी काही मिनिटांत संपे व यंत्र काम अर्धवट टाकून मरे. त्यानेच पत्रसूची बिघडत. आरंभी पत्रे थोडी होती, तोवर सकाळचे राहिलेले काम पाच-दहा मिनिटांत उरके. वर्षांगणिक पत्रे वाढली, पाच मिनिटांचे अर्धा तास झाले, पुढे चार तास झाले. दोष हळूहळू वाढला म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

नवे यंत्र घेतले असते तर काय झाले असते? तेही रोज रात्री नऊला मेले असते. काही काळ त्याच्या ताकदीने दोष झाकला गेला असता व पुढे तेच दुखणे पुन्हा उद्भवले असते. १,६०,००० रुपये देऊन आम्ही केवळ थोडा अवधी विकत घेतला असता.

उपाय

परवानाधारक वीजतंत्र्याकडून मीटरपासून सर्व्हरसाठी वेगळी तार घेतली. तीस स्वतंत्र एमसीबी व गळतीरक्षक खटका बसविला. सर्व्हर माळ्यावरून काढून, जेथे पोती नाहीत अशा हवेशीर कोठडीत ठेवला. कारण धान्याची धूळ यंत्राच्या पंख्यात बसून यंत्र तापते, आणि ही धूळ स्वतःही पेट घेणारी असते. पेढीचा व गोदामाचा मुख्य खटका पूर्वीप्रमाणेच रोज रात्री बंद होतो. वडिलांचा नेम मोडला नाही आणि यंत्रही जागे राहिले.

मेमरी ४ जीबीची १६ जीबी केली. तीन वर्षांपूर्वीची पत्रे वेगळ्या डिस्कवर दप्तरबंद केली व तिची आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवली. फोटो एक एमबीहून मोठा पाठवू नये व भावतक्ता अठरा जणांस न पाठविता एकाच सामाईक ठिकाणी ठेवावा, असा नियम केला. सर्व खर्च २२,००० रुपयांच्या आत झाला. आता सकाळी दहा वाजता रांगेत क्वचितच पाच-सहा पत्रे असतात.

सभासदांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

आमच्याकडे जे कारण निघाले तेच प्रत्येक पेढीवर निघेल असे नाही. अभियंत्यांनी इतर नेहमीची कारणेही सांगितली. ती येथे थोडक्यात देतो. पत्र पाठविताना दर वेळी ठराविक दहा-वीस सेकंद खोळंबा होत असेल, तर नाव-पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची व्यवस्था तपासावी. समोरच्याचे नाव विचारून सर्व्हर उत्तराची वाट पाहत बसलेला असतो. एकाएकी बाहेर जाणाऱ्या पत्रांची रांग हजारोंनी वाढली, तर पेढीवरील एखाद्या संगणकात व्हायरस शिरून तो परस्पर भलती पत्रे पाठवीत असण्याचा संभव असतो. तो संगणक त्वरित जाळ्यातून काढावा, नाहीतर आपल्या पेढीचे नाव काळ्या यादीत जाऊन आपली खरी पत्रेही नाकारली जातात. एकाच मजल्यावर अडचण असेल तर तेथील केबल व स्विच पाहावा. नव्या व्यापाऱ्याचे पहिलेच पत्र उशिरा येत असेल, तर अनोळखी पत्रास 'थोड्या वेळाने पुन्हा या' असे सांगणारी पहारेकऱ्याची रीत काही सर्व्हरांत असते. पुढची पत्रे वेळेवर येतात. आणि ज्यांनी स्वतःचा सर्व्हर न ठेवता मोठ्या कंपन्यांची सेवा घेतली आहे, त्यांसही भरलेली पेटी, मोठे फोटो व पेढीतील जुने स्विच यांचा त्रास होतोच.

कायद्याची एक बाब प्रत्येक व्यापाऱ्याने जाणून घ्यावी. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ई-पत्रव्यवहारास मान्यता दिली आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार, उभयतांत दुसरे काही ठरले नसेल आणि आपण पत्र घेण्यासाठी एखादी संगणक-व्यवस्था नेमून दिली असेल, तर पत्र त्या व्यवस्थेत शिरले त्या क्षणी ते आपणांस मिळाले असे समजतात. आपण ते केव्हा वाचले याने फरक पडत नाही. म्हणजे डाळ मिलचे पत्र ११ वाजून १२ मिनिटांनीच आम्हांस मिळाले होते. 'आमचे यंत्र हळू होते' या सबबीचा आम्हांस काही उपयोग नव्हता. म्हणून सर्व्हरची रांग व डिस्क किती भरली आहे, या दोन गोष्टी रोज सकाळी रोकड मोजतेवेळीच पाहण्याची सवय ठेवावी. दोन मिनिटांचे काम आहे.

समारोप

ज्या दिवशी शिक्क्यांचा उलगडा झाला, त्या सायंकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे वडीलही आमच्याच पेढीवर काम करीत असत. मला दारात पाहून तो गडबडून उभा राहिला. मी तो हेडरचा कागद त्याच्यापुढे ठेवला व म्हणालो, "तू खरे बोलत होतास. चूक माझी होती." तो काही बोलला नाही. त्याच्या आईने पाणी आणून दिले. ज्यांच्यादेखत मी त्यास बोललो होतो, त्यांच्यादेखत दुसऱ्या दिवशी पेढीवर पुन्हा हेच सांगितले. कारण चारचौघांत केलेला अपमान एकांतात फिटत नाही. आता सर्व्हरची सकाळची तपासणी त्याच्याकडे आहे, आणि तो काही सांगू लागला की मी हातातील काम बाजूस ठेवून ऐकतो.

४५,००० रुपये दिवाळीच्या हंगामात भरून निघाले. रागाच्या भरात बोललेले शब्द मात्र कोणत्याही खात्यात वळते करून घेता येत नाहीत. म्हणून बंधूंनो, पेढीवर काही अडले तर प्रथम वही काढावी, मग शिक्के वाचावे, मग प्रत्येक काट्यावरील वजन पाहावे; आणि माणसास बोल लावण्यापूर्वी रात्री दिवा कोणाच्या हाताने मालवला जातो, याचाही विचार करावा. एवढी विनंती करून आणि सर्व सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस येणारे वर्ष भरभराटीचे जावो अशी शुभेच्छा व्यक्त करून लेखणी खाली ठेवतो.